परदेशात कार्डाने खरेदी : छुपा खर्च किती?

आपले अनेक व्यापारी बांधव मालाचे नमुने पाहण्यासाठी, प्रदर्शनासाठी किंवा किरकोळ खरेदीसाठी दुबईला जातात. खिशात रोख बाळगण्यापेक्षा क्रेडिट कार्ड बरे, असे बहुतेकांना वाटते. ते सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु परत आल्यावर बँकेचे बिल हाती पडते आणि माल अपेक्षेपेक्षा महाग पडल्याचे दिसते. हा फरक कुठून येतो, हे प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेणे आवश्यक आहे.

दुबईचे चलन दिरहम आहे. 1997 पासून त्याचा दर अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे. एका डॉलरला 3.6725 दिरहम, असा हा दर आहे. म्हणजेच रुपया डॉलरपुढे घसरला की दिरहमही तितकाच महाग होतो.

कार्डाने पैसे दिले की दोन टप्पे होतात. पहिल्या टप्प्यात व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखी कंपनी आपल्या दराने चलन बदलते. हा दर बहुधा बाजारभावाच्या जवळपास असतो. दुसऱ्या टप्प्यात, ज्या बँकेने कार्ड दिले ती बँक आपले शुल्क लावते. त्याला 'फॉरेक्स मार्कअप' म्हणतात. बऱ्याच कार्डांवर ते 2 ते 3.5 टक्के असते आणि या शुल्कावर 18 टक्के जीएसटी द्यावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका दिरहमचा दर 23 रुपये आहे आणि आपण 1,000 दिरहमची खरेदी केली. मूळ किंमत झाली 23,000 रुपये. त्यावर 3.5 टक्के शुल्क 805 रुपये आणि जीएसटी सुमारे 145 रुपये. एकूण 23,950 रुपये. म्हणजे 950 रुपये, सुमारे 4.13 टक्के, केवळ कार्ड वापरल्याबद्दल गेले. ज्या मालावर आठ टक्के नफा धरला आहे, त्यातला अर्धा नफा दुकानात माल येण्यापूर्वीच संपला!

रुपयात की दिरहममध्ये?

खरा सापळा पुढे आहे. पुष्कळदा दुकानदाराचे मशीन विचारते, 'रुपयात पैसे देणार की दिरहममध्ये?' आपल्याला रुपयाचा आकडा ओळखीचा वाटतो आणि आपण रुपया निवडतो. अशा वेळी चलनबदल कार्ड कंपनीच्या दराने न होता मशीनमागच्या संस्थेच्या दराने होतो. तिचा नफा त्या दरातच मिसळलेला असतो.

समजा मशीनने एका दिरहमला 24.15 रुपये लावले. 1,000 दिरहमचे झाले 24,150 रुपये. व्यवहार रुपयात असला तरी तो परदेशात झाला म्हणून काही बँका त्यावर वेगळे शुल्क घेतात. ते 1 टक्का धरले तर जीएसटीसह आणखी सुमारे 285 रुपये. एकूण 24,435 रुपये. म्हणून नेहमी तेथील चलनातच पैसे द्यावेत आणि पावतीवर कोणते चलन छापले आहे ते सही करण्यापूर्वी पाहावे.

आणखी तीन गोष्टी

पहिली, क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढू नये. त्यावर वेगळे शुल्क लागते आणि पैसे काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत येथे मिळत नाही. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी, दर नेहमी खरेदीच्या दिवसाचाच लागेल असे नाही. व्यवहार बँकेकडे पोहोचून नोंदला जातो, त्या दिवसाचा दर लागू शकतो. माल परत केला तर परतीच्या दिवसाचा दर लागतो आणि आधी भरलेले शुल्क परत मिळेलच असे नाही.

तिसरी, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्डे सुरुवातीला केवळ देशांतर्गत वापरासाठी चालू असतात. परदेशातील वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो. निघण्यापूर्वी तो सुरू करावा, मर्यादा ठरवावी आणि परतल्यावर बंद करावा.

मग काय करावे?

निघण्यापूर्वी बँकेला एकच प्रश्न विचारावा : 'या कार्डावर फॉरेक्स मार्कअप किती?' दोन टक्क्यांच्या कार्डावर वरील खरेदीचा खर्च 950 ऐवजी सुमारे 543 रुपये येतो. आधी पैसे भरून घ्यायचे फॉरेक्स कार्डही मिळते. त्यात पैसे भरतानाच दर ठरतो. मात्र ते दिरहमचेच घ्यावे. डॉलरचे कार्ड दिरहमसाठी वापरल्यास पुन्हा चलनबदलाचे शुल्क लागू शकते. थोडी रोख जवळ असावी. दुबईच्या प्रवासाला रोख विदेशी चलन 3,000 डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येते. मोठ्या मालाचे पैसे मात्र बँकेमार्फत, बिल व कागदपत्रांसहच पाठवावेत.

घरी आल्यावर बिल आणि पावत्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात. शुल्क, जीएसटी, दरातील फरक हे सर्व मालाच्या किमतीत धरूनच विक्रीचा भाव ठरवावा. खरेदीत एकेका दिरहमसाठी घासाघीस करणाऱ्याने बँकेच्या चार टक्क्यांकडे डोळेझाक करू नये.