मोटारीतील एलईडी दिव्यांच्या तक्रारी व त्यांचा उलगडा

धान्याच्या व्यापाऱ्यांना जागा देऊन पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांनी जो गंज वसविला, त्या अफझलगंजात व त्याला लागून असलेल्या सिद्दीअंबर बाजार, बेगम बाजार या पेठांत आज न मिळणारी वस्तू शोधावीच लागेल. मोटारीच्या आत लावावयाचे एलईडी दिवे हा त्यांतलाच एक माल. किंमत थोडी, खप मोठा आणि परत येण्याचे प्रमाणही मोठे! गिऱ्हाईक सकाळी दिवा नेते व सायंकाळी "लागतच नाही" म्हणून परत आणते. विकणारा तो मुकाट्याने बदलून देतो, किंवा हुज्जत घालतो. दोन्ही प्रकारांत नुकसान व्यापाऱ्याचेच होते. वास्तविक परत आलेल्या पुष्कळशा दिव्यांत कसलाही दोष नसतो. म्हणून या विषयाची थोडी उकल आमच्या सभासद बंधूंसाठी, आणि स्वतःची गाडी बाळगणाऱ्या त्यांच्या कुटुंबीयांसाठीही, येथे करीत आहोत.

जुना तारेचा बल्ब आणि एलईडी यांत मूलभूत भेद आहे, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ त्यात सापडते. बल्बमधील तार प्रवाहाने तापते व तापली म्हणजे उजळते. प्रवाह कोणत्या दिशेने आला याच्याशी तिला कर्तव्य नसते. एलईडी हा अर्धवाहक पदार्थाचा तुकडा आहे. तो एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो व त्या वेळीच प्रकाश देतो. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली करून दाखविला. निळा प्रकाश मिळविण्यास मात्र आणखी तीन दशके लागली, आणि त्या कामाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण विकतो तो पांढरा एलईडी बहुधा निळाच असतो; वरच्या पिवळसर लेपामुळे त्याचा प्रकाश पांढरा भासतो.

आता पहिली तक्रार: दिवा मुळीच लागत नाही. अशा वेळी सर्वांत आधी दिवा काढून उलटा बसवावा. छतावरील दिव्यात दोन्ही टोकांस टोप्या असलेला नळीसारखा बल्ब असतो. तो कसाही बसतो, म्हणून धन व ऋण टोकांची अदलाबदल सहज होते. काही उत्पादक दिव्यातच अशी योजना करतात की तो दोन्ही बाजूंनी लागावा. पण स्वस्त मालात ती नसते. उलटूनही दिवा न लागल्यास जुना बल्ब परत लावून पाहावा. तो लागला तर वायरिंग ठीक आहे, आणि विचार नव्या दिव्याचा करावयाचा. तोही न लागला तर दोष गाडीत आहे, दिव्याला बोल लावण्यात अर्थ नाही. एवढी साधी परीक्षा काउंटरवर सांगितली तरी निम्मी भांडणे मिटतील, असे आमचे मत आहे.

दोष गाडीत आहे असे ठरले म्हणजे प्रथम फ्यूज पाहावा. मीटर लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पुष्कळ गाड्यांत आतील दिव्याला धन टोक सदैव जोडलेले असते आणि दाराचे बटण ऋण बाजू जोडते वा तोडते. त्यामुळे दार बंद असता होल्डरच्या धन पट्टीवर बॉडीच्या तुलनेत १२ व्होल्ट दिसतात, तरी दिवा लागत नाही. हे पाहून "करंट आहे, म्हणजे दिवाच खराब" असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. मोजमाप होल्डरच्या दोन पट्ट्यांमध्ये, दार उघडे ठेवून करावे. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास इंजिन बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट, व इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादेत कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीच्या दाराच्या बटणांत व जोडांत गंज धरलेला असतो, हेही विसरू नये.

मापाचा प्रश्न याहून क्षुल्लक वाटतो, पण तोच अधिक त्रास देतो. नळीचे बल्ब ३१, ३६, ३९, ४१ मिलिमीटर अशा निरनिराळ्या लांबीचे येतात. ३९ च्या जागी ३६ चा बसविला तर पट्ट्या त्याला घट्ट धरीत नाहीत; रस्त्यावर खड्डा आला की दिवा लुकलुकतो. उलट रुंद पाटीचा दिवा कोंबला तर त्याच्या पाठीची धातूची बाजू दोन्ही पट्ट्यांस लागून फ्यूज उडतो. म्हणून गिऱ्हाइकाकडून जुना बल्ब मागून घ्यावा व त्याच्याशी ताडून माल द्यावा. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपियरचा घालावा. १० च्या जागी २० चा घालणे, किंवा तांब्याची तार गुंडाळणे, म्हणजे फ्यूजऐवजी छताच्या आतील वायरिंगला जळण्याची परवानगी देणे होय. आणखी एक चूक लॉरीवाल्यांच्या बाबतीत घडते. मोठ्या लॉरी व बस बहुधा २४ व्होल्टच्या असतात. १२ व्होल्टचा दिवा त्यांत लावताच जळतो, आणि २४ चा दिवा मोटारीत मंद लागतो किंवा लागतच नाही.

आता ज्या तक्रारीने चांगले चांगले मिस्त्रीही गोंधळतात तिच्याकडे वळू. दार बंद, बटण बंद, आणि तरीही दिवा काजव्यासारखा मिणमिणत राहतो! यात भुताटकी काही नाही. नव्या गाड्यांत दिव्याची उघडझाप नियंत्रक पेटीतून होते, आणि बंद अवस्थेतही तिच्यातून अत्यल्प प्रवाह झिरपतो. ५ वॅटच्या जुन्या बल्बला पूर्ण प्रकाशासाठी सुमारे ०.४ अँपियर लागतो. त्या मानाने हा झिरपा इतका थोडा की त्याची तार कोमटसुद्धा होत नाही. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. उपाय असा की दिव्याच्या दोन टोकांस समांतर एक किलोओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जोडावा. १४ व्होल्टवर त्यातून १४ मिलिअँपियर जातात व त्यात फक्त ०.२ वॅट उष्णता होते, म्हणून तो तापत नाही. झिरपणारा प्रवाह आता त्याच्या वाटेने जातो आणि दिवा विझतो. कित्येक दिव्यांत असा रेझिस्टर आधीच घातलेला असतो. गिऱ्हाइकाला डाग लावावयास सांगण्यापेक्षा तसाच दिवा देणे बरे.

काही गाड्या दिव्याची जोडणी शाबूत आहे की नाही हे स्वतः तपासतात आणि प्रवाह कमी दिसला म्हणजे "बल्ब गेला" असा इशारा देतात. त्यावर ५० ओहमचे मोठे रेझिस्टर बाजारात मिळतात. ते १४ व्होल्टवर जवळजवळ ४ वॅट उष्णता ओततात. छताच्या कापडामागे ते लपविणे आम्हांस मुळीच पसंत नाही. वीज वाचविण्यासाठी एलईडी घ्यावयाचा आणि वाचलेली वीज रेझिस्टर तापविण्यात घालवावयाची, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

दिवा हळूहळू मंदावताना थरथरत असेल तर कारण निराळे. गाडी दिवा मंद करते ती प्रवाह कमी करून नव्हे, तर तो अतिशय जलद तोडून व जोडून. तापलेली तार मध्यंतरी गार होत नाही. एलईडी मात्र प्रत्येक तुटीला विझतो. येथे वरील रेझिस्टर उपयोगी पडत नाही, अशा गाडीस योग्य म्हणून बनविलेला दिवाच द्यावा लागतो. दिवा लागताच रेडिओत खरखर येत असेल तर दिव्यातील हलक्या प्रतीचे सर्किट कारणीभूत समजावे.

रंगाविषयी दोन शब्द. ६००० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश दुकानात भुरळ घालतो. पण रात्री महामार्गावर मागे बसलेल्याने तो लावला की चालकाच्या डोळ्यांपुढील काच आरशासारखी चमकते. कुटुंबाच्या गाडीस ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश अधिक सोयीचा. दाराच्या कडेने शोभेच्या पट्ट्या लावून घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग छताच्या कडेत घडी घालून ठेवलेली असते. तेथून तार ओढणे किंवा पट्टी चिकटविणे म्हणजे प्रसंगी तिचा मार्ग अडविणे होय.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट कायद्याची आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात सदोष मालामुळे झालेल्या हानीची जबाबदारी एरवी उत्पादकाची असली, तरी काही परिस्थितींत ती विक्रेत्यावर येते. उत्पादक कोण हेच कळत नसेल तर येते. विक्रेत्याने स्वतः वेगळी हमी दिली असेल तर येते. उत्पादकाने दिलेल्या सूचना व इशारे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविले नसतील तरीही येते. पुड्यात खुले मिळणारे, ज्यावर ना नाव ना पत्ता, असे दिवे विकणाऱ्याने याचा नीट विचार करावा. अशा दिव्याने उद्या कोणाच्या गाडीचे छत जळाले, तर जबाब दुकानदारालाच द्यावा लागेल. दोन रुपये अधिक देऊन उत्पादकाचे वा आयात करणाऱ्याचे नाव छापलेला माल घ्यावा, खरेदीची बिले जपून ठेवावीत, आणि विक्रीच्या बिलावर दिव्याची लांबी, व्होल्ट व वॅट लिहून सूचनांचा कागद पुडक्यासोबत द्यावा.