जादू : एका शब्दाचें गणगोत

एखाद्या गवयाची बैठक रंगली, कीं श्रोते घरीं परततांना म्हणतात, “काय जादू आहे या गळ्यांत!” कदाचित् त्याच रात्रीं, दूरच्या एखाद्या वस्तींत म्हैस आटली किंवा मूल तापानें फणफणलें म्हणून, कोणी एकट्या विधवेकडे बोट दाखवून म्हणतो, “ही जादू करते.” शब्द तोच, पण पहिल्या ठिकाणीं त्याचें मोल वाहवा आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं एका बाईचा जीव. इतक्या दोन टोकांना ज्याचा अर्थ जातो, त्या शब्दाचें कुळ तपासून पाहण्यासारखें आहे.

‘जादू’ ही मराठींत फारसीमधून आली. त्यामुळें हा शब्द परका, आपल्या प्राचीन वाङ्मयाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, असा समज आहे. तो अर्धाच खरा. संस्कृतांत जेथें आरंभीं ‘य’ असतो, तेथें फारसींत पुष्कळदां ‘ज’ आढळतो. आपला ‘युवन्’ तिकडे ‘जवान’ होतो, ‘यव’ ‘जौ’ होतो. दोन स्वरांमधला ‘त’ तिकडे मऊ होऊन ‘द’ बनतो. ‘भ्रातृ’ या शब्दाचें फारसी भावंड ‘बिरादर’ तें याच वाटेनें. हे दोन फेरफार ध्यानांत घेतले, कीं ‘जादू’च्या पाठीमागें ‘यातु’ हा वैदिक शब्द उभा असलेला दिसतो. पारशांच्या अवेस्तांतहि ‘यातु’च आहे, आणि तेथेंहि तो निंद्यच आहे. म्हणजे जी परदेशांतून आलेली पाहुणी वाटत होती, ती माहेरचीच निघाली. फक्त फार दिवसांनीं आणि वेष बदलून आली.

वेदांत यातु करणाराला ‘यातुधान’ म्हटलें आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०४ वें सूक्त परंपरेनें वसिष्ठांच्या नांवावर आहे. त्यांत ऋषि कळवळून सांगतो, कीं आपण यातुधान असूं तर आपल्याला आजच मरण यावें. आणि जो खोटेपणानें आपल्याला तसें म्हणतो, त्याचा नाश व्हावा. कोणी तरी त्याच्यावर तो आळ घेतला असला पाहिजे, हें उघड आहे. दहाव्या मंडलाच्या ८७ व्या सूक्तांत यातुधानांचा एक अपराध सांगितला आहे तो असा, कीं ते गाईचें दूध हिरावून नेतात. हें दूध येथें लक्षांत ठेवावें. तें पुन्हां भेटणार आहे.

इंग्रजी ‘मॅजिक’ या शब्दाची गत आणखी गमतीची आहे. प्राचीन इराणांतील धर्मोपाध्यायांना ‘मगु’ म्हणत. ग्रीकांना त्या परक्या पुरोहितांचे विधि गूढ वाटले, आणि त्यांनीं त्यांच्याच नांवावरून जादूला नांव दिलें. शेजाऱ्याचा धर्म तो आपल्या दृष्टीनें चेटूक, हा न्याय जुनाच दिसतो.

संस्कृतांतलीं इतर नांवें अधिक प्रतिष्ठित आहेत. ‘माया’ हा शब्द वेदांत वरुणाच्या आणि इंद्राच्या अद्भुत निर्माणशक्तीला लावलेला आहे. पुढें वेदान्त्यांनीं त्याला भ्रमाचा अर्थ दिला, आणि मराठी घरांत तर आजीच्या प्रेमालाहि माया म्हणूं लागले. एवढा प्रवास क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दानें केला असेल. ‘इंद्रजाल’ म्हणजे मुळांत इंद्राचें युद्धांतील जाळें. अथर्ववेदांत शत्रूंवर पसरण्यासाठीं त्याचें वर्णन येतें. नंतर तें जाळें शत्रूंवरून उठून प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पडलें. सातव्या शतकांतील हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेंत एक ऐंद्रजालिक येतो. तो राजाला आकाशांत देव दाखवितो, आणि थोड्याच वेळानें अंतःपुराला आग लागते. सागरिकेला वाचविण्यासाठीं राजा त्या ज्वाळांत उडी घेतो. आणि मग आग जशी भडकली तशीच नाहींशी होते, कारण ती मुळीं नव्हतीच. विसाव्या शतकांत पी. सी. सरकार यांनीं आपल्या रंगमंचावरील प्रयोगांना ‘इंद्रजाल’ हेंच नांव दिलें, तें किती समर्पक होतें हें यावरून दिसेल. अशा खेळांसाठीं मराठींत ‘नजरबंदी’ आणि ‘हातचलाखी’ हे दोन शब्द आहेत, आणि ते दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला सांगतो कीं फसतो तो डोळा. दुसरा सांगतो कीं फसवितो तो हात. दैवी शक्तीचा दावा दोहोंतहि नाहीं.

‘गारुड’ आणि ‘किमया’ यांचा विचार थोडक्यांत उरकतां येईल. गारुड म्हणजे गरुडाची, अर्थात् सर्पविष उतरविण्याची विद्या, त्यावरून गारुडी. हल्लीं तो शब्द टीकाकारांच्या हातीं सांपडला असून, ज्याचें गारुड पडलेलें नाहीं असा कादंबरीकार शोधूनच काढावा लागेल. ‘किमया’ अरबी आहे. लोखंडाचें सोनें करूं पाहणाऱ्यांची ती खटपट. युरोपांतील रसायनशास्त्राचें नांवहि त्याच मुळापासून निघालें.

खरी भीति वसते ती ‘करणी’ या शब्दांत. ‘मूठ मारणें’ म्हटलें कीं निदान मंतरलेले उडीद डोळ्यांपुढें येतात. ‘भानामती’ म्हटलें कीं घरावर पडणारे दगड आणि पेटणारे कपडे आठवतात. ‘करणी’ शब्दांत कांहींच दिसत नाहीं. ‘करणें’ या साध्या क्रियापदापासून तो झाला आहे. संस्कृतांत अथर्ववेदकाळापासून याच अर्थाचा ‘कृत्या’ हा शब्द आहे, आणि तोहि ‘कृ’ धातूचाच. “कोणी तरी कांहीं तरी केलें आहे,” एवढेंच खेड्यांत म्हणतात. कोण, काय, कसें, या तिन्ही जागा मोकळ्या असतात, आणि त्या मोकळ्या जागांत गांव आपल्याला नकोशा झालेल्या माणसाचें नांव भरतें. तें नांव पुष्कळदां एखाद्या स्त्रीचें असतें. ‘चेटकीण’ हा शब्द नातवंडांच्या गोष्टींत शोभतो. गांवकीच्या बैठकींत तो उच्चारला गेला, तर त्या स्त्रीला घर सोडून पळावें लागतें, कधीं तेवढीहि सवड मिळत नाहीं.

म्हणूनच जादूच्या पर्यायांचा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिला नाहीं. महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी विधेयक अनेक वर्षें रखडलें होतें, आणि त्यावरील वादाचा मोठा भाग शब्दांचाच होता : श्रद्धा कोठें संपते आणि जादूटोणा कोठें सुरू होतो? २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली; त्यानंतर कांहीं दिवसांतच अध्यादेश निघाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. त्यांत ‘जादूटोणा’ या शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दांनीं सांगण्याच्या भरीस कायदेकार पडले नाहींत. त्यांनीं अनुसूचींत कृत्येंच मोजून दिलीं, आणि कीर्तन, प्रवचन, हरिपाठ यांना कायदा लागू नाहीं हें वेगळें नमूद केलें. पर्यायांच्या या रानांत तोच मार्ग शहाणपणाचा होता. कायद्याच्या लांबलचक नांवांत मात्र ‘समूळ उच्चाटन’ असे शब्द आहेत, आणि ‘उच्चाटन’ हें तंत्रशास्त्रांतील वशीकरण, मारण इत्यादि षट्कर्मांपैकींच एक आहे, हें मसुदा करणारांच्या ध्यानांत आलें असेलसें वाटत नाहीं.

त्या अनुसूचींत एक कृत्य असें आहे : अमुक व्यक्ति करणी करते, किंवा मंत्रतंत्रानें गुराढोरांचें दूध आटविते, असें सांगून तिचें जगणें कठीण करणें. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास, आणि पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. ऋग्वेदांत दूध हिरावणाऱ्या यातुधानाला शासन करण्यासाठीं अग्नीला पाचारण केलेलें आहे. या अनुसूचींत शासन आहे तें तसा आळ घेणाराला.