इंडोलची सव्वाशे वर्षं

1 मे 1983 ला अमरावती विद्यापीठ सुरू झालं, त्याच साली रसायनज्ञ एमिल फिशर यांच्या इंडोल संश्लेषणाला, म्हणजे इंडोल हा रेणू बनवण्याच्या पद्धतीला, शंभर वर्षं पुरी झाली. हा योगायोग तेव्हा कुणाच्या ध्यानात आला असेल असं वाटत नाही. बडनेऱ्याहून अमरावतीला एम.एस्सी. करायला जाणाऱ्या पोरांची इंडोलशी ओळख मात्र फिशरच्याच वाटेनं व्हायची. सायक्लोहेक्झॅनोन अॅसेटिक आम्लात उकळत ठेवायचं, वरून फेनिलहायड्रॅझिन थेंबथेंब सोडायचं. फ्लास्क थंड झाला की टेट्राहायड्रोकार्बझोलचे स्फटिक खाली बसतात. ते इंडोलच्याच कुळातले.

खरी सुरुवात त्याही आधीची. निळीची रचना शोधता शोधता आडोल्फ बायर यांनी 1866 मध्ये ऑक्सिंडोल जस्ताच्या भुकटीबरोबर तापवलं आणि इंडोल हाती आला. मोठा विक्षिप्त रेणू! अगदी विरळ असला तर मोगऱ्याच्या वासात सामील, दाट झाला तर विष्ठेच्या. सेरोटोनिन आणि मेलाटोनिन या दोघांचा सांगाडाही तोच.

फिशरची पद्धत सोपी, पण तिला बऱ्याचदा तीव्र आम्ल आणि उष्णता लागते. नाजूक गट त्यात टिकत नाहीत. किटोनच्या दोन बाजू वेगळ्या असल्या तर दोन इंडोलांची खिचडी मिळते आणि ती निवडत बसावं लागतं. 1976 च्या सुमारास लुई हेगेडस यांनी पॅलॅडियम वापरून अॅलिल अॅनिलिनपासून इंडोल केला. सुरुवातीला पॅलॅडियम जवळजवळ मालाइतकंच लागायचं. पुढे ते चिमूटभरावर आलं.

माझ्या मते खरं वळण 1991 चं. रिचर्ड लॅरॉक यांनी आयोवात ऑर्थो-आयोडोअॅनिलिन आणि अल्काइन एकत्र केले. सोबत पॅलॅडियम अॅसिटेट, कार्बोनेट आणि लिथियम क्लोराइड, तापमान साधारण 100 अंश. पॅलॅडियम आधी कार्बन आणि आयोडिनच्या मध्ये शिरतं, मग अल्काइनला ओढून घेतं, शेवटी नायट्रोजनशी वलय जुळवून मोकळं होतं आणि पुढच्या रेणूकडे वळतं. गंमत म्हणजे अल्काइनवरचा जाडजूड गट नायट्रोजनच्या शेजारी येतो. कुठला गट कुठे बसणार, हे बऱ्याच अंशी आधीच ठरवता येऊ लागलं. बायरपासून इथवर सव्वाशे वर्षं लागली.

मर्क या औषध कंपनीच्या रसायनज्ञांनी 1994 मध्ये अर्धशिशीवरच्या रिझाट्रिप्टानसाठी हीच युक्ती वापरली. त्याच्या रेणूतला ट्रायझोलचा भाग फिशरच्या आम्लात तग धरत नव्हता. अल्काइनला मुद्दाम सिलिकॉनचा मोठा गट लावला, त्यानं जागा पक्की केली, आणि काम झाल्यावर तो काढून टाकला.

म्हणून फिशर मोडीत निघाला असं कुणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. संधिवातावरचं इंडोमेथासिन मुळात फिशरच्याच पद्धतीनं तयार झालं. पॅलॅडियमचे नखरेही कमी नाहीत. 2019 मध्ये त्याचा भाव सोन्याच्या वर गेला. फ्लास्कच्या काचेवर काळं पॅलॅडियम धरलं, की उत्प्रेरक मेला आणि पैसे गेले. अभिक्रिया नीट झाली तरी औषधातून त्याचे अवशेष काढावे लागतात; तोंडावाटे घ्यायच्या औषधात आंतरराष्ट्रीय मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे. पाचशे रुपयांत प्रात्यक्षिक उरकायचं असेल तर अॅसेटिक आम्लाची बाटलीच बरी.