वैद्य व औषधालयांसाठी संकेतस्थळ : कोणते आणि किती?

कराड ही कृष्णा-कोयनेच्या संगमावरील जुनी पेठ. पाटण, ढेबेवाडी, उंब्रज, मसूर या भागांतील रुग्ण येथील वैद्यांकडे आजवर येत राहिले ते बहुधा कोणा नातलगाच्या सांगण्यावरून. सांगण्याचे हे काम आता बऱ्याच अंशी भ्रमणध्वनीने आपल्याकडे घेतले आहे. साहजिकच संकेतस्थळ असावे असे आपल्यापैकी अनेकांना वाटू लागले आहे, आणि ते बनवून देणारे ‘विक्रीची सोय असलेलेच घ्या’ असा आग्रह धरतात. या आग्रहाचा विचार सावधपणे करावयास हवा. कारण वैद्याच्या बाबतीत संकेतस्थळाचा प्रकार बदलला की कायद्यापुढील त्याचे स्थानही बदलू शकते.

चिकित्सालय चालविणाऱ्या बहुतेकांना परिचयपर संकेतस्थळ पुरेसे आहे. वैद्यांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, वेळा, सुटीचा वार, पंचकर्माची सोय, बसस्थानकावरून येण्याची खूण व दूरध्वनी एवढा मजकूर सुबोध मराठीत असला की रुग्णाच्या निम्म्याहून अधिक शंका मिटतात. हलती चित्रे व पार्श्वसंगीत यांवर खर्च करू नये. डोंगराकडील गावांत पान उघडेपर्यंत रुग्णाचा धीर सुटतो.

दुसरा प्रकार वेळ नोंदविण्याचा व दुरून सल्ला देण्याचा. आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २०२० मध्ये निघाली आहेत. ती वाचूनच या वाटेस जावे. केवळ नंबर लावण्यासाठी मात्र दूरध्वनी व एक वही अद्याप उत्तम चालते.

खरा गुंता विक्रीच्या संकेतस्थळाचा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३३ ईईसीमध्ये वैद्यांना एक मोलाची सवलत आहे : स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास उत्पादन परवान्याची अट लागू होत नाही. या सवलतीवरच कितीतरी चिकित्सालयांतील चूर्णे, काढे व तेले तयार होतात. तेच चूर्ण छायाचित्र व किंमत लावून संकेतस्थळावर ठेवले की ते कोणीही, नाडी न दाखविता, मागवू शकतो. असा ग्राहक आपला रुग्ण नव्हे, आणि मग सवलतीचा आधारही उरत नाही. परवाना नसलेल्या वैद्याने विक्रीचे संकेतस्थळ घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवानाधारक औषधनिर्मात्याची व त्यांचा माल विकणाऱ्या दुकानदाराची गोष्ट वेगळी. आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही, तथापि इतर बंधने आहेत. निर्मात्याचे नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत हे सारे पानावर दाखवावे लागते. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव द्यावे लागते. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याच्या आत करावयाचे असते. करासंबंधी एक बाब तर आपल्या भागात सहज विसरली जाते. पुण्या-मुंबईस गेलेले पार्सल राज्यांतर्गत असते, परंतु कोल्हापूर ओलांडून निपाणीस गेलेली एकच बाटली हा आंतरराज्य पुरवठा होतो, आणि त्यासाठी उलाढाल कितीही अल्प असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते. शिवाय वत्सनाभ, भल्लातक, हिंगुळ यांसारखी ‘ई-१’ परिशिष्टातील द्रव्ये असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. विक्रीच्या पानावर ती च्यवनप्राशाच्या शेजारी मांडली जाऊ नयेत, हे संकेतस्थळ बनविणाऱ्यास आपणच सांगितले पाहिजे. त्यास ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

प्रकार कोणताही असो, संकेतस्थळावरील मजकुरास १९५४ चा औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लागू होतो. मधुमेह, मूतखडा, स्थौल्य, रक्तदाब, श्वेतकुष्ठ, पक्षाघात यांसह त्याच्या परिशिष्टातील ५४ नोंदींमधील विकारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही होऊ शकतात. ‘माझा मधुमेह गेला’ असा रुग्णाचा अभिप्राय आपण आपल्या पानावर छापला, की ती आपलीच जाहिरात ठरण्याचा धोका आहे. संकेतस्थळ बनविणारे पुष्कळदा दुसऱ्या औषधालयाचा मजकूर जसाच्या तसा उचलून आणतात. तो शब्दन्‌शब्द वाचल्याखेरीज प्रसिद्ध होऊ देऊ नये.

आता मालकीविषयी. गूगलने व्यवसायनोंदीबरोबर मोफत दिलेली लहान संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि ज्यांचा सारा पत्ता तेथेच होता त्यांना तो नव्याने उभारावा लागला. मोफत जागेचा लाभ जरूर घ्यावा, परंतु पाटी, पुडी व चिठ्ठी यांवर छापावयाचे नाव स्वतःचे, म्हणजे विकत घेतलेले डोमेन असावे. त्यास वर्षाकाठी साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नावही मिळते. मात्र देवनागरी टंकलेखनाची सवय नसणाऱ्यांसाठी सोबत ‘डॉट इन’ असावे. डोमेन घेताना नोंदणी वैद्यांच्या अथवा औषधालयाच्या नावे, आपल्याच ई-मेलवर करून घ्यावी, बनविणाऱ्याच्या नावे नव्हे. अन्यथा त्याच्याशी बिनसले की नावही जाते. परवलीचा शब्द परवान्याच्या कागदांसोबत जपून ठेवावा व नूतनीकरणाची तारीख दवाखान्यातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.