मत्स्यालयातील अनाहूत समुद्रपुष्पे

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात समुद्रातून आणलेल्या खडकांबरोबर काही अनाहूत जीवही प्रवेश करतात. त्यांपैकी आयप्टेझिया हे समुद्रपुष्प विशेष उपद्रवी होय. तपकिरी, अर्धपारदर्शक देह, लांब व टोकाशी निमुळते संस्पर्शक आणि स्पर्श होताच खडकाच्या फटीत आकसून जाणे, ही त्याची लक्षणे होत. मजानो या नावाने परिचित असलेल्या समुद्रपुष्पाचे संस्पर्शक मात्र आखूड व टोकाशी फुगीर असतात. आयप्टेझियाच्या दंशाने शेजारच्या प्रवाळास इजा पोहोचते. परंतु ते खरवडून काढल्यास तळाशी राहिलेल्या तुकड्यांतून नवे जीव उत्पन्न होतात व निर्मूलनाचा उपायच वृद्धीस कारण ठरतो. बर्घिया ही कवचहीन सागरी गोगलगाय आयप्टेझियावरच उपजीविका करते. मजानोवर तिचा प्रयोग व्यर्थ होय. म्हणून उपायापूर्वी ओळख निश्चित करणे अगत्याचे आहे.