टिटवाळ्याहून नाकासमोर पश्चिमेला!

काय दोस्तांनो, सॅक भरली का? आज लांबचा पल्ला आहे, पण पत्ता एकदम सोपा. टिटवाळा स्टेशनच्या बाहेर यायचं, पश्चिमेकडे तोंड करायचं आणि नाकासमोर निघायचं. ना उजवीकडे वळायचं, ना डावीकडे.

आधी भिवंडी लागेल, मग वसईजवळ समुद्र. तो ओलांडला की अरबस्तानचं वाळवंट. मग सुदानपासून मॉरिटानियापर्यंत अख्खी आफ्रिका आडवी, पुढे अटलांटिक महासागर, वाटेत हैती, आणि शेवटी मेक्सिको! टिटवाळा आहे साधारण 19.3 उत्तर अक्षांशावर आणि मेक्सिकोची राजधानी मेक्सिको सिटी 19.4 वर. पृथ्वीला जवळजवळ अर्धी प्रदक्षिणा झाली, तरी आपण आपल्याच पट्ट्यात! तुम्ही सकाळी 8 वाजता शाळेचा डबा सॅकमध्ये टाकता, तेव्हा तिकडची मुलं आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेत म्हणून जेवायला बसलेली असतात.

आता तिथून थोडं दक्षिणेला सरकू. ओआहाका हे शहर आपल्या रत्नागिरीच्या अक्षांशावर आहे. चियापास राज्यातलं सान क्रिस्तोबाल तर थेट कोल्हापूरच्या रेषेत. पाऊसही तिकडे आपल्यासारखाच मे-जूनला सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो. म्हणून सॅकमध्ये छत्री हवी. आणि स्वेटरसुद्धा! कारण सान क्रिस्तोबाल समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटर उंच आहे. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण 6 अंशांनी गार होते. करा बरं गुणाकार.

जायचं कधी? दिवाळीच्या सुट्टीत. 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथे घरोघरी वारलेल्या माणसांची आठवण काढतात. त्यांच्यासाठी आवडीचे पदार्थ मांडतात आणि वाट सापडावी म्हणून दारापर्यंत फुलांच्या पाकळ्या पसरतात. कुठल्या फुलांच्या? झेंडूच्या! टिटवाळ्याच्या महागणपतीच्या देवळाबाहेर दुर्वा आणि जास्वंदीशेजारी ज्याचे ढीग असतात, तोच केशरी झेंडू. हे झाड मूळचं मेक्सिकोचं आहे. निशिगंध तिथलाच, पांढरा चाफा तिकडचाच, आणि पपईसुद्धा.

मग ही मंडळी इकडे आली कशी? जहाजांत बसून. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांची जहाजं समुद्र पालथे घालत होती. दक्षिण मेक्सिकोतल्या आकापुल्को बंदरातून फिलिपाइन्समधल्या मनिलाला 1565 पासून 1815 पर्यंत जहाजं ये-जा करत होती. अशा जहाजांतून बिया आणि रोपं आशियात पोचली. इथे त्यांना काय मिळालं? तसंच ऊन, तसाच पावसाळा. झाली की मग इथलीच!

भूक लागली असेल, तर ओआहाकाच्या बाजारात शिरू. तिथे निळे, लाल, पांढरे, पिवळे मके दिसतात. या भागातल्या माणसांनी सुमारे 9,000 वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून मका घडवला. त्या गवताच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे, आणि तेही दगडासारख्या कवचात. ओआहाकाजवळच्या गिला नाकीत्झ गुहेत सापडलेली छोटी कणसं 6,000 वर्षांहून जुनी आहेत.

आता जरा या पातेल्यात डोकवा. मक्याचे दाणे उकळतायत, आणि पाण्यात काय घातलंय माहितेय? चुना! रात्रभर दाणे त्या पाण्यात मुरतात. सकाळी चोळले की साल सुटून बोटांना बुळबुळीत लागते. मग दाणे धुऊन वाटायचे, गोळा थापायचा आणि तव्यावर टाकायचा. ही झाली तोर्तिया. नीट भाजली की फुलक्यासारखी टम्म फुगते.

पण चुना कशाला? मक्यात ब गटातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते असं बांधलेलं असतं की आपल्या पोटाला ते घेता येत नाही. चुन्याचं पाणी ती गाठ सोडवतं. युरोपीय लोकांनी मका नेला, पण चुन्याची युक्ती न्यायची राहिली. पुढे युरोपात जे गरीब लोक फक्त मक्यावर जगत होते, त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. त्यात कातडी सोलते, जुलाब होतात आणि डोकंही भ्रमतं. रसायनशास्त्राचं पुस्तक न वाचता मेक्सिकोतल्या आयाबायांनी हजारो वर्षांपूर्वी औषध थेट पातेल्यात घातलं होतं! (चुना डोळ्यांत गेला तर फार घातक. हा प्रयोग मोठ्यांशिवाय अजिबात नाही.)

पोट भरलं? चला, डोंगर चढू. ओआहाका शहराशेजारी मोन्ते आल्बान आहे. सपोतेक लोकांनी सुमारे 2,500 वर्षांपूर्वी डोंगरमाथा सपाट करून वसवलेलं नगर. तिथल्या एका इमारतीच्या जिन्यात एक अरुंद उभी नळी आहे, खाली अंधारी खोली. मे आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा भरदुपारी ऊन सरळ त्या खोलीत उतरतं. म्हणजे भिंतीतलं कॅलेंडरच!

सूर्य असा बरोबर डोक्यावर फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये येतो. दिल्लीला कधीच येत नाही. टिटवाळ्याला मात्र वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. जुलैत ढग असतात, म्हणून तो आपल्याला सहसा दिसत नाही.

ओआहाकाजवळच तुले गावात एक झाड आहे, सायप्रसच्या कुळातलं, हजार वर्षांहून जुनं. त्याचा घेर 40 मीटरांच्या आसपास. हात धरून वेढा घालायचा, तर तुमच्या वर्गातली तीसेक मुलं लागतील. पुष्कळ दिवस लोकांना वाटायचं, ही अनेक झाडं एकमेकांना चिकटली असणार. शेवटी डीएनए तपासला, आणि झाड एकच निघालं.

रात्रीची बस पकडून चियापासला, मग पालेंकेच्या जंगलात. पहाटे घुमणाऱ्या आवाजाला घाबरू नका, ती हाउलर माकडं आहेत. त्यांच्या घशातलं पोकळ हाड आवाज इतका वाढवतं, की तो काही किलोमीटरवर ऐकू जातो. इथे माया लोकांचा पकाल नावाचा राजा इ.स. 615 मध्ये गादीवर बसला, तेव्हा तो होता अवघा 12 वर्षांचा. त्याने 68 वर्षं राज्य केलं. देवळाच्या पोटात खोल लपलेली त्याची कबर 1952 साली उघडली, आणि आत हिरव्या जेडचा मुखवटा मिळाला.

याच भागातल्या जंगलात चिकू रानात उगवतो. हो, आपल्या डहाणू-घोलवडचा चिकू! कच्चा चिकू तोडला की बोटांना पांढरा चीक चिकटतो ना? झाडाच्या खोडावर नागमोडी चिरा पाडून तो चीक गोळा करायचे आणि उकळून त्याचं च्युइंगगम बनवायचे.

आता खरं तिकीट काढायला वेळ आहे, पण दोन कामं टिटवाळ्यातच होतील. एक, झेंडूचं फूल पूर्ण सुकू द्या आणि एक पाकळी उपटा. तिच्या टोकाला बारीक काळी काडी दिसेल. ती बी. आपण ज्याला पाकळी म्हणतो, ते एक अख्खं छोटं फूल असतं. काडी मातीत पेरा, आठवडाभरात अंकुर दिसेल.

दुसरं, मेच्या मध्याला दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर एक उभी बाटली ठेवा आणि तिची सावली बघत राहा. ती कोणत्या दिवशी, किती वाजता नाहीशी झाली, ते आम्हाला लिहून कळवा. सावलीकडेच बघायचं हं, सूर्याकडे नाही!