ओढ्याकाठी तंबू, गरीला पिसांची माशी

कोकणात वाढलेल्या माणसाला गरवायला जाणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गरीला गांडूळ नाही तर कोळंबी लावायची, पाण्यात सोडायची आणि ओढ बसेपर्यंत वाट पाहायची. हिमालयातल्या थंड ओढ्यांत ट्राउट मासा पकडण्याची तऱ्हा मात्र वेगळी. तिथे गरीवर असते ती पिसे आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी. म्हणूनच या छंदाला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात.

मुलांना घेऊन चार दिवस तंबूत राहण्याचा बेत असेल, तर हिमाचल प्रदेशच्या कुल्लू जिल्ह्यातले तीर्थन खोरे यासाठी उत्तम. चंदिगड-मनाली रस्त्यावर औटच्या बोगद्याआधी वळून बंजारमार्गे तिथे जाता येते. खोऱ्याचा वरचा भाग ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात येतो. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

पाहुणा मासा

इथला ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला. इंग्रजांच्या काळात तो आधी काश्मीरमध्ये आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुल्लूत आणला गेला. त्याला थंड, स्वच्छ, वाहते पाणी लागते. पाणी तापले की तो कासावीस होतो. ‘स्नो ट्राउट’ म्हणून ओळखला जाणारा इथला स्थानिक मासा नावापुरताच ट्राउट आहे. तो रोहू-कटल्याच्या कुळातला.

आधी पाणी ओळखा

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, दगडाच्या आडोशाला थांबतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. त्यामुळे खालच्या अंगाने, वाकून, हळूहळू वर सरकावे. पाण्यावर सावली पडली की मासा पसार झालाच म्हणून समजा.

खोट्या माशीला वजन असे नसतेच. जाड दोरीच्या वजनाने ती पुढे जाते. लहान ओढ्यावर झाडांच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. तिथे सात फुटांच्या आसपासची आखूड काठी बरी पडते आणि दोरी फार लांब फेकावी लागत नाही. त्यामुळे मुलांनाही हे जमते. त्यांना पाण्यातला एखादा दगड उलटवून दाखवा. त्याला चिकटलेले किडे हेच ट्राउटचे जेवण आणि त्यांचीच नक्कल गरीवर असते. दगड मात्र पुन्हा होता तसा ठेवायला सांगा.

नदीची जागा नदीला

पाणी ओळखण्याची हीच सवय जीवही वाचवते. ऊन चढले की वरचा बर्फ वितळतो. सकाळी गुडघाभर असलेले पाणी दुपारी वाढू शकते. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर सामान गोळा करत बसू नका. मुलांना घेऊन लगेच वर या.

तीर्थन लारजीजवळ बियास नदीला मिळते. तिथून थोडे खाली, थलौट इथे ८ जून २०१४ रोजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. जुलै २०२३ च्या पुरानेही बियासच्या खोऱ्यात हाहाकार माजवला. नदीकाठची कोरडी, सपाट वाळू तंबूसाठी कितीही सोयीची वाटली, तरी ती नदीचीच जागा असते. तंबू पुराच्या खुणांपेक्षा बराच वर ठोकावा. मुले पाण्याजवळ असताना घरातल्या एका मोठ्या माणसाने काठी हातात घेऊच नये. त्याने फक्त मुलांकडे पाहावे.

पकडा आणि सोडा

मासेमारीसाठी राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटचा विणीचा हंगाम असल्याने बंदी असते. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि धोक्याचे असते. म्हणून मार्च ते जूनचा पूर्वार्ध किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ निवडावा.

काटा नसलेली गरी वापरली, तर मासा सहज सोडवता येतो. त्याला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो.

दिवसाकाठी एकही मासा गरीला लागला नाही, असेही होईल. पण “आई, सकाळपेक्षा पाणी वाढलंय,” असे मुलाने आपणहून सांगितले, तर तो दिवस सार्थकी लागला असे समजावे.